काक्षी मंदावली तेव्हा : एका ताऱ्याच्या दुखण्याची फाइल

डिसेंबर २०१९ च्या पहिल्या आठवड्यात मृग नक्षत्रातल्या तांबूस ताऱ्याची दृश्यप्रत, म्हणजे डोळ्यांना दिसणाऱ्या तेजाचं माप, १.१२ भरली. अमेरिकेतल्या व्हिलानोव्हा विद्यापीठातले एडवर्ड गिनन आणि रिचर्ड वासाटोनिक वर्षानुवर्षं या ताऱ्याचं तेज मोजत आले होते. थॉमस काल्डरवुड यांच्यासह त्यांनी ८ डिसेंबरला 'ॲस्ट्रॉनॉमर्स टेलिग्राम' या खगोलशास्त्रज्ञांच्या तातडीच्या सूचनाफलकावर एक छोटं टिपण टाकलं. आशय एवढाच, की आमच्या पंचवीस वर्षांच्या नोंदींत हा तारा इतका मंद कधी दिसलेला नाही.

तारा म्हणजे बेटेलज्यूज. मराठी तारानकाशांत काक्षी. काही जण आर्द्राही म्हणतात. इथे काक्षीच म्हणतो.

प्रतीचं गणित उलटं असतं. आकडा वाढला की तेज घटतं. काक्षी एरवी ०.१ ते १.० या दरम्यान वरखाली होत असते, बहुतेक वेळ ०.५ च्या आसपास. ७ ते १३ फेब्रुवारी २०२० च्या सुमारास ती १.६१ पर्यंत उतरली, म्हणजे नेहमीच्या तेजाच्या जेमतेम ३६ टक्के उरली. मग चढायला लागली आणि एप्रिलमध्ये पूर्ववत झाली. पाच-सहा महिन्यांचं दुखणं. खगोलशास्त्रात त्याला आता 'ग्रेट डिमिंग' असंच नाव पडलं आहे. आपण त्याला महामंदी म्हणू, अर्थशास्त्रज्ञांची क्षमा मागून.

हे प्रकरण मला आवडतं ते ताऱ्यापेक्षाही पुराव्यांमुळे. काक्षी मंदावल्यावर जगातल्या मोठ्या दुर्बिणी तिच्याकडे वळल्या हे खरं, पण निदान ज्या पुराव्यांवर ठरलं त्यातला जवळपास प्रत्येक पुरावा आधीच्या एखाद्या नोंदीच्या जोरावर उभा आहे. तीही अशी नोंद, जी घेताना काहीच घडत नव्हतं. डॉक्टरांकडे गेल्यावर ते जुने रिपोर्ट का मागतात, हे या फाइलमधून फार चांगलं कळतं.

पूर्वेतिहास

काक्षी हा तांबडा महाराक्षसी तारा आहे. वस्तुमान सूर्याच्या १६ ते १९ पट. त्रिज्येचा एक अलीकडचा अंदाज सूर्याच्या ७६४ पट आहे. सूर्याच्या जागी आणून ठेवली तर मंगळाची कक्षा पोटात घेऊन ती लघुग्रहांच्या पट्ट्याच्याही पलीकडे पोचेल. अंतराबद्दल एकमत नाही. वेगवेगळ्या पद्धतींनी ५५० ते ७०० प्रकाशवर्षं येतं. त्यामुळे 'फेब्रुवारी २०२० मध्ये काक्षी मंदावली' हे वाक्यही तसं सोयीचंच आहे. प्रत्यक्षात ती मंदावली त्याला काही शतकं लोटली, बातमी आपल्याला तेव्हा मिळाली.

इतक्या फुगलेल्या ताऱ्याचा पृष्ठभाग असा काही नसतोच. बाहेरच्या थरावर गुरुत्वाकर्षण पृथ्वीवरच्या हजाराव्या हिश्शाच्या आसपास. सूर्याच्या पृष्ठभागावर उकळत्या भातासारखे लाखो बुडबुडे दिसतात, प्रत्येक साधारण हजार किलोमीटरचा. काक्षीवर असे बुडबुडे मोजकेच असतात, पण एकेक असा अवाढव्य की तो वर आला किंवा खाली गेला तर अख्ख्या ताऱ्याच्या तेजात फरक पडावा. शिवाय हा तारा श्वास घेतल्यासारखा फुगतो आणि आकसतो. एक लय सुमारे ४०० दिवसांची, दुसरी सुमारे २१०० दिवसांची. पहिलीचं कारण ठाऊक होतं. दुसरीचं नव्हतं, आणि ती शेवटी पुन्हा आपल्या वाटेत येणार आहे.

तेज बदलतं हे जॉन हर्शेल यांनी १८३६ मध्ये हेरलं होतं. १३ डिसेंबर १९२० ला माउंट विल्सनवरच्या १०० इंची दुर्बिणीच्या तोंडावर २० फुटी तुळई बसवून मायकेलसन आणि पीस यांनी तिचा कोनीय व्यास मोजला. ०.०४७ विकला (एक विकला म्हणजे अंशाचा ३६०० वा भाग). सूर्य सोडून दुसऱ्या कुठल्याही ताऱ्याचा व्यास त्याआधी कुणी मोजला नव्हता. म्हणजे हा रोगी वैद्यांना नवा नव्हता.

साध्या डोळ्यांनी मोजताना

काक्षीची एक गंमत अशी, की ती मोठ्या दुर्बिणींना नकोशी असते. इतकी तेजस्वी की संवेदक क्षणात भरून वाहतो आणि मोजमाप फुकट जातं. म्हणून तिच्या तेजाचा शतकभराचा आलेख प्रामुख्याने हौशी निरीक्षकांनी आणि लहान दुर्बिणींनी सांभाळला. १९११ मध्ये स्थापन झालेल्या अमेरिकेतल्या चलतारा निरीक्षकांच्या संघटनेकडे जगभरातून अशा नोंदी जमा होत असतात.

पद्धत अगदी साधी. जवळपासचे दोन तारे घ्यायचे, एक लक्ष्याहून तेजस्वी, एक मंद, आणि त्यांच्या मधे लक्ष्य कुठे बसतं ते ठरवायचं. काक्षीसाठी नेहमीचे शेजारी म्हणजे ०.३ प्रतीचा प्रश्वा आणि ०.९ च्या जवळपासची रोहिणी. त्या हिवाळ्यात ही जोडी निकामी झाली. काक्षी रोहिणीच्याही खाली घसरली आणि मृगाच्या दुसऱ्या खांद्यावरचा बेलाट्रिक्स तुलनेला घ्यावा लागला. त्याची प्रत १.६४. फेब्रुवारीच्या मध्यात मृगाचे दोन्ही खांदे एकसारखे दिसत होते. ज्यांनी लहानपणापासून हे नक्षत्र पाहिलं आहे त्यांना हे आकड्यांशिवाय कळत होतं. चित्र बिघडलेलं वाटत होतं.

साधी असली तरी पद्धत फसवी आहे. तुलनेचा तारा क्षितिजाकडे झुकला असेल तर जास्त हवेतून येणारा त्याचा प्रकाश उगाच कमी भासतो. त्यापेक्षा मोठी खोड रंगाची. तांबड्या ताऱ्याकडे टक लावून पाहिलं की तो हळूहळू उजळल्यासारखा वाटतो, कारण डोळा मंद प्रकाशात लाल रंग सावकाश गोळा करतो. म्हणून अनुभवी निरीक्षक नजर ठरू देत नाहीत. झटकन एकाकडे, झटकन दुसऱ्याकडे, आणि लगेच आकडा लिहून मोकळे होतात. एकट्या माणसाची चूक दोन-तीन दशांश प्रतीची सहज होते. शेकडो माणसांची सरासरी मात्र बरीच सरळ येते, आणि उपकरणांनी घेतलेल्या आलेखाशी ती जुळली.

फुटणार की काय

डिसेंबरच्या शेवटापर्यंत मथळे पेटले होते. काक्षी कधी ना कधी अतिनवतारा म्हणून फुटणार हे पाठ्यपुस्तकातलं वाक्य आणि ती मंदावते आहे ही बातमी, या दोन्हींना गाठ मारून टाकली की मथळा तयार. मधल्या दुव्याची चौकशी फारशी कुणी केली नाही.

दुवा कच्चा होता. असा तारा मरतो तो गाभ्यात. इंधन संपलेला गाभा कोसळतो आणि त्याचा धक्का बाहेर पोचायला वेळ लागतो. शेवटच्या टप्प्यात सिलिकॉन जळायला लागलं की उरतात काही दिवस. वर लघुग्रहांच्या पट्ट्यापर्यंत पसरलेल्या विरळ वायूला गाभ्यात काय चाललं आहे याची बहुधा गंधवार्ताही नसते. तेव्हा पृष्ठभागावरच्या मंदीवरून गाभ्याचं भविष्य सांगणं म्हणजे छपरावरच्या कौलांकडे बघून तळघरातल्या चुलीवर काय शिजतंय ते ओळखण्यासारखं. खरी वर्दी न्यूट्रिनो देतील, कोसळत्या गाभ्यातून थेट निसटणारे अतिसूक्ष्म कण. १९८७ मध्ये शेजारच्या दीर्घिकेत, मोठ्या मॅजेलॅनिक मेघात, तारा फुटला तेव्हा प्रकाश दिसण्याच्या काही तास आधी पृथ्वीवरच्या शोधक उपकरणांनी दोन डझन न्यूट्रिनो टिपले होते. काक्षी फुटली तर त्यांचा अक्षरशः पाऊस पडेल. त्या हिवाळ्यात न्यूट्रिनो शोधक शांत होते.

१४ जानेवारी २०२० ला मात्र एक चमत्कारिक योग आला. गुरुत्वीय लहरींच्या शोधकांनी एक अनोळखी, क्षणिक संकेत कळवला आणि तो आकाशाच्या ज्या भागातून आल्यासारखा वाटत होता तो मृगाच्या जवळपासचा निघाला. काही व्यावसायिक खगोलशास्त्रज्ञही त्या रात्री बाहेर जाऊन काक्षी जागेवर आहे ना ते बघून आले म्हणतात. होती.

स्फोटाची शक्यता बाजूला सारल्यावर संशयित उरले दोन. एक, तारा स्वतःच थंडावला. दोन, तारा होता तसाच आहे, पण मधे धूळ आली.

थंडी की धूळ

यात थोडं खोलात जावं लागेल, कारण हे दोन पर्याय दिसतात तितके सहज वेगळे करता येत नाहीत.

काक्षीचं तापमान सुमारे ३६०० केल्विन. त्या तापमानाला बहुतांश प्रकाश अवरक्तात बाहेर पडतो, डोळ्यांना दिसणारा भाग म्हणजे नुसतं शेपूट. त्यात आणखी एक भर म्हणजे एवढ्या थंड वातावरणात टायटॅनियम ऑक्साइडचे रेणू टिकून राहतात आणि नेमका दृश्य प्रकाश गिळतात. तारा थोडा थंड झाला की हे रेणू वाढतात, आणि एकूण ऊर्जेत किरकोळ घट असूनही डोळ्यांना मोठी मंदी दिसते. धूळही तेच करते. दृश्य प्रकाश अडवते, अवरक्त बराचसा जाऊ देते. दोघांचे ठसे वरवर सारखेच.

अमेरिकेतल्या मिनेसोटा विद्यापीठाच्या गटाने फेब्रुवारीत अवरक्त मोजमाप केलं आणि जुन्या वह्यांशी ताडून पाहिलं. जवळपास पन्नास वर्षांपूर्वीच्या आकड्यांत आणि आताच्या आकड्यांत फरकच नव्हता. म्हणजे ताऱ्याची भट्टी चालू होती. पण वर म्हटल्याप्रमाणे एवढ्यावरून थंडी आणि धूळ यांतली निवड होत नाही.

निवड करायची तर टायटॅनियम ऑक्साइडच्या पट्ट्यांची खोली मोजायला हवी. तीच तापमापक. एमिली लेव्हेस्क आणि फिलिप मॅसी यांनी १५ फेब्रुवारी २०२० ला, म्हणजे काक्षी अगदी तळाशी असताना, लॉवेल वेधशाळेच्या ४.३ मीटर दुर्बिणीने तिचा वर्णपट, म्हणजे रंगांत फोडलेला प्रकाश, घेतला. त्यांच्याकडे मार्च २००४ चाही वर्णपट होता. तेव्हाचं तापमान ३६५० केल्विन, आताचं ३६००. पन्नास अंशांनी एवढी मंदी येत नाही. त्यांच्या लेखाच्या शीर्षकाचाच अर्थ असा होता, की काक्षी काही तितकीशी थंड नाही. त्यांनी बोट धुळीकडे दाखवलं.

प्रकरण इथे मिटलं असतं. पण थाविशा धर्मवर्धना आणि सहकाऱ्यांनी हवाईतल्या जेम्स क्लर्क मॅक्सवेल आणि चिलीतल्या एपेक्स या दुर्बिणींची उपमिलिमीटर (मिलिमीटरहून थोड्या लहान लहरींची) मोजमापं बाहेर काढली, तेरा वर्षांची. या तरंगलांबीला धूळ प्रकाश अडवत नाही, उलट स्वतः थोडी चमकते. धूळ वाढली असेल तर इथे आकडा तसाच राहायला हवा किंवा वाढायला हवा. तो वीस टक्क्यांनी घटला होता. त्यांचा निष्कर्ष सरळ होता. पृष्ठभागच मंदावला आहे. बहुधा अजस्र थंड डागांनी दिसणाऱ्या भागाचा ५० ते ७० टक्के हिस्सा व्यापला आहे.

२०२० च्या मध्यावर परिस्थिती अशी होती. दोन गट, दोघांची मोजमापं चोख, निष्कर्ष एकमेकांविरुद्ध. बाहेरून बघणाऱ्याला वाटतं कुणीतरी चुकलं असणार. मला तर यातच खरी मजा वाटते. दोघंही बरोबर असू शकतात हे सुचायला एक फोटो लागला.

चार फोटो

आकाशातला काक्षीचा व्यास साधारण ०.०४५ विकला. पूर्ण चंद्राच्या रुंदीचे चाळीस हजार तुकडे केले तर त्यातला एक. तेवढ्यात काही तपशील दिसावा ही अपेक्षाच उद्धट आहे. पण चिलीतल्या व्हेरी लार्ज टेलिस्कोपच्या ८.२ मीटर दुर्बिणीवर स्फिअर नावाचं उपकरण आहे. ते वातावरणाची थरथर आरशाच्या हालचालींनी मारतं आणि काक्षीची तबकडी दाखवू शकतं.

मिगेल मोंटार्जेस यांच्या गटाने डिसेंबर २०१९ मध्ये या उपकरणाने काक्षी टिपली. १४ फेब्रुवारी २०२० ला ते चित्र जगासमोर आलं, आणि शेजारी होतं जानेवारी २०१९ चं चित्र. ते दुसऱ्याच कामासाठी, महामंदीची चाहूलही नसताना घेतलेलं. पहिल्यात गोल, भरलेली तबकडी. दुसऱ्यात खालचा अर्धा भाग विझल्यासारखा, आणि आकार असा वेडावाकडा की तारा वाटूच नये. नंतर जानेवारी आणि मार्च २०२० ची दोन चित्रं आली. दक्षिण गोलार्ध नेहमीपेक्षा दहापट काळवंडला होता, उत्तरेला फारसं काही झालेलं नव्हतं.

जानेवारी २०१९ चं चित्र नसतं तर? डिसेंबरचा वेडावाकडा आकार हा मंदीचा परिणाम आहे की काक्षी असतेच तशी, हे सांगणं अवघड गेलं असतं. मंदावण्यापूर्वीचं ताजं चित्र हाताशी होतं, आणि फाइलमधलं सगळ्यात मोलाचं पान माझ्या मते तेच.

पूर्ण तारा नाही, एक भागच काळवंडला, हे कळल्यावर दोन्ही गटांची भांडणं सुटायला लागली. संपूर्ण ताऱ्याचं सरासरी तापमान थोडंच उतरलं तरी एखादा भाग बराच थंड होऊ शकतो. आणि थंड भागाच्या वर धूळ गोठायला सोयीची जागा तयार होते. पण धुळीसाठी वायू हवा. तो कुठून आला?

ढेकर

अँड्रिया डुप्री यांच्या गटाने जानेवारी २०१९ पासून हबल दुर्बिणीचा वेळ घेऊन काक्षीच्या वातावरणाचा अतिनील प्रकाशात अभ्यास चालवला होता. महामंदीशी त्याचा काडीचा संबंध नव्हता; ताऱ्यातून वायू बाहेर कसा पडतो हा त्यांचा जुना प्रश्न. मंदी आल्यावर त्यांनी मागची पानं उलटली. सप्टेंबर ते नोव्हेंबर २०१९ मध्ये, म्हणजे तेज घसरण्याच्या आधी, दक्षिण गोलार्धावरून दाट, तापलेला वायू ताशी सुमारे ३,२०,००० किलोमीटर वेगाने वर येताना दिसत होता. दिशा तीच, जिथे पुढे अंधार पडला.

ला पाल्मा बेटावरच्या मर्केटर दुर्बिणीने घेतलेल्या वर्णपटांतून कातेरिना क्रावचेन्को आणि सहकाऱ्यांनी आणखी मागचं वाचलं. फेब्रुवारी २०१८ आणि जानेवारी २०१९ मध्ये वातावरणातून दोन धक्के वर गेले होते आणि दुसऱ्याने पहिल्याला बळ दिलं होतं. म्हणजे फोटोतली निर्मळ तबकडी टिपली गेली तेव्हाच आत दुखणं सुरू झालेलं होतं.

सगळं जोडल्यावर चित्र असं उभं राहतं. खालून एक प्रचंड बुडबुडा वर आला. ताऱ्याचं फुगणं त्याच वेळी जोरात होतं, त्याने ढकललं, आणि वायूचा मोठा लोट बाहेर फेकला गेला. डुप्री यांच्या नंतरच्या अंदाजाप्रमाणे त्याचं वस्तुमान आपल्या चंद्राच्या काही पट असावं. लोट निघून गेल्यावर पृष्ठभागावर थंड डाग उरला. त्या थंडाव्यात बाहेर गेलेला वायू निवला आणि त्याची धूळ झाली. ती नेमकी आपल्या आणि ताऱ्याच्या मधे. शिवाय नेहमीच्या लयीतला तळही त्याच सुमारास आला. मोंटार्जेस यांच्या गटाने जून २०२१ मध्ये 'नेचर'मध्ये स्थानिक थंडी आणि त्यातून झालेली धूळ असाच निवाडा दिला. धूळवाले आणि थंडीवाले, दोघंही आपापल्या जागी बरोबर होते.

हवामानखात्याचा साक्षीदार

निवाडा झाला तरी वाटणी राहिली होती. थंडीचा हिस्सा किती, धुळीचा किती? ती केली त्या साक्षीदाराचं नाव काढलं की मला अजून हसू येतं.

हिमावारी-८ हा जपानचा हवामान उपग्रह. विषुववृत्तावर ३५,७८६ किलोमीटर उंचीवरून तो दर दहा मिनिटांनी पृथ्वीची पूर्ण तबकडी टिपतो, दृश्य प्रकाशापासून १३ मायक्रॉनच्या अवरक्तापर्यंत १६ पट्ट्यांत. चक्रीवादळं बघण्यासाठी. पण चित्र चौकोनी आणि पृथ्वी गोल, म्हणून कोपऱ्यांत थोडं आकाश येतं. काक्षी खगोलीय विषुववृत्ताच्या जेमतेम साडेसात अंश उत्तरेला आहे, त्यामुळे ती त्या कोपऱ्यातून अधूनमधून जात असते. टोकियो विद्यापीठातल्या दाइसुके तानिगुची आणि सहकाऱ्यांनी साडेचार वर्षांच्या चित्रांतून हे ठिपके वेचले.

या ठिपक्यांची किंमत अशी, की जमिनीवरून ज्या मध्यम अवरक्त पट्ट्यांत हवा आडवी येते तिथेही उपग्रहाला स्वच्छ दिसतं, आणि धुळीची ऊब नेमकी तिथेच कळते. सगळ्या तरंगलांबी एकाच उपकरणातून, एकाच वेळी. २०२२ मध्ये त्यांनी उत्तर दिलं. तापमान सुमारे १४० अंशांनी उतरलं होतं आणि धूळही जमली होती; मंदीत दोघांचा वाटा जवळपास सारखाच. आता १४० आणि लेव्हेस्क-मॅसींचे ५० हे जुळत नाहीत हे वाचकाच्या लक्षात आलं असेल. तापमान काढण्याच्या पद्धती वेगळ्या, आणि डागाळलेल्या ताऱ्याचं एकच तापमान सांगणं मुळातच ओढाताणीचं. माझा कल हिमावारीकडे आहे, कारण तिथे आधीची, दरम्यानची आणि नंतरची मोजपट्टी एकच होती.

बरी झाली, पण पूर्वीसारखी नाही

एप्रिल २०२० मध्ये तेज परतलं आणि लगोलग काक्षी सूर्याआड गेली. दरवर्षी मे ते ऑगस्टच्या सुमारास आपल्याला ती दिसतच नाही. डुप्री यांच्या गटाने यावर तोड काढली. सूर्यावर नजर ठेवणारं स्टीरिओ-ए हे यान तेव्हा पृथ्वीपासून बरंच दूर, वेगळ्या कोनात होतं. त्याला कुशीवर वळवून काक्षी मोजली. मे ते जुलैच्या मध्यापर्यंत ती पुन्हा अर्ध्या प्रतीने उतरल्याचं दिसलं. वेळापत्रकात हे बसत नव्हतं. पुढची दोन-अडीच वर्षंही ती ४०० दिवसांची ओळखीची लय सापडेना. आतलं पाणी हिंदकळत राहावं तशी ती अवस्था होती.

२०२३ मध्ये हिदेयुकी साइओ आणि सहकाऱ्यांनी खळबळजनक मांडणी केली. २१०० दिवसांची लय हेच ताऱ्याचं मूळ स्पंदन आहे, तारा समजतो त्याहून बराच मोठा आहे, गाभ्यात कार्बन संपत आला आहे आणि स्फोट काही दशकांवर असू शकतो. मथळे पुन्हा आले. अडचण अशी, की इतका मोठा तारा मोजलेल्या कोनीय व्यासात बसत नाही. बहुतेकांच्या हिशेबात काक्षी अजून हीलियमच जाळते आहे आणि तिच्यापुढे लाखभर वर्षं आहेत.

मग २१०० दिवसांचं काय? २०२४ मध्ये दोन स्वतंत्र गटांनी एकच उत्तर दिलं, जोडीदार. एका गटाने शंभराहून अधिक वर्षांच्या वर्णपटनोंदी चाळल्या आणि काक्षी एखाद्या लहान ताऱ्याच्या ओढीने किंचित डोलते आहे असं दाखवलं. जुलै २०२५ मध्ये स्टीव्ह हॉवेल यांच्या गटाने हवाईतल्या जेमिनी नॉर्थ दुर्बिणीवरून तो दिसल्याचं जाहीर केलं. काक्षीपेक्षा सहा प्रतींनी मंद, वस्तुमान सूर्याच्या दीडपटीच्या आसपास, ताऱ्याच्या इतका जवळ की तो तिच्या विस्तारलेल्या वातावरणातच फिरतो. त्याला सिवार्हा हे नाव मिळालं, अरबीत 'तिचं कंकण'.

इथे मी जरा सावध आहे. ही नोंद सांख्यिकीच्या भाषेत दीड सिग्मा एवढीच भरते. नाणं पाच वेळा उडवून चार वेळा छापा पडल्यावर जितका विश्वास बसावा त्यापेक्षा फार जास्त नाही. तिला आधार मिळतो तो दोन गोष्टींचा. ठिपका जिथे असायला हवा असं गणित आधी सांगत होतं, साधारण तिथेच तो डिसेंबर २०२४ मध्ये दिसला. आणि त्याच उपकरणाने फेब्रुवारी २०२० मध्ये, महामंदीच्या गडबडीत, घेतलेल्या चित्रांत तो नव्हता. गणिताप्रमाणे तेव्हा तो काक्षीच्या रेषेत असायला हवा होता, म्हणजे न दिसणंच बरोबर. धुळीसाठी घेतलेली चित्रं अशी पाच वर्षांनी वेगळ्याच खटल्यात साक्षीला आली.

सिवार्हा काक्षीपासून पुन्हा जास्तीत जास्त दूर दिसेल तो नोव्हेंबर २०२७ मध्ये. महामंदी त्याच्यामुळे आली असं म्हणायला आजतरी पुरावा नाही. हिमावारी-८ ची जागा डिसेंबर २०२२ मध्ये तशाच बनावटीच्या हिमावारी-९ ने घेतली आहे, आणि काक्षी त्याच्याही चित्रांच्या कोपऱ्यातून जाते.